मघेपासून अडतीस मिनिटं: एनजीसी ३३८४ कशी गाठायची

भिंगाकार दीर्घिका बघायची असेल तर एकटीदुकटी शोधू नका, गटातली धरा. माझं नारायणगावात मेडिकल दुकान आहे आणि काउंटरच्या मागे दुर्बिणीचा फोटो लावलेला आहे. त्यामुळे खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं पोरगंही कधी कधी दीर्घिकांवर येतं. सगळ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते.

कारण साधं आहे. सर्पिल दीर्घिकेला भुजा असतात, एखादा काळा धुळीचा पट्टा असतो, काहीतरी धरायला मिळतं. भिंगाकार दीर्घिकेकडे दाखवण्यासारखं काही नाही. मधोमध उजळ ठिपका, भोवती हळूहळू विरणारा लांबट धूसरपणा, आणि विषय संपला. अशी एकटी समोर आली तर ती दीर्घिका आहे की आयपीसवर (दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगावर) बसलेली वाफ, हे नवख्याला कळत नाही. पण त्याच दृश्यात शेजारी एक गोल दीर्घिका असेल, जवळ एक फिकट सर्पिल असेल, तर तिघींमधला फरक डोळा आपणहून शोधायला लागतो. असं तयार त्रिकूट सिंह राशीत आहे: एम १०५, एनजीसी ३३८४ आणि एनजीसी ३३८९ (एम आणि एनजीसी या आकाशातल्या वस्तूंच्या दोन याद्या, पुढचा आकडा त्यातला क्रमांक). यातली मधली आपली.

३३८४ ची प्रत, म्हणजे उजेडाचा आकडा, ९.९ च्या आसपास; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. नुसत्या डोळ्यांना काळ्याकुट्ट रात्री सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, त्यापेक्षा ही सुमारे चाळीसपट मंद. अंतर साधारण साडेतीन कोटी प्रकाशवर्षं. एम ९५, एम ९६, एम १०५, एनजीसी ३३७७, एनजीसी ३४१२ यांच्यासोबत ती सिंह-१ नावाच्या दीर्घिका-गटात मोडते. पियेर मेशँने मार्च १७८१ मध्ये एम १०५ टिपली, पण तिला मेसियेच्या, म्हणजे एम च्या, यादीत अधिकृत जागा मिळाली ती थेट १९४७ साली, हेलन सॉयर हॉग यांच्यामुळे. शेजारची ३३८४ विल्यम हर्शेलने ११ मार्च १७८४ ला नोंदवली. तारीख लक्षात ठेवा. हर्शेललाही ती मार्चमध्येच सापडली, आणि आपल्याकडेही तिचा हंगाम तोच.

रात्र कोणती निवडायची

पंचांग काढा आणि गुढीपाडव्याची आदली रात्र बघा. फाल्गुन अमावास्या. चंद्राचा त्रास नाही, आणि सिंह रास संध्याकाळीच पूर्वेला चांगली वर आलेली असते. त्याच्या आधीची माघ अमावास्या आणि नंतरची चैत्र अमावास्याही चालते, पण माघात उशिरापर्यंत जागावं लागतं आणि चैत्रात आकाश धुरकट होतं. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे डोंगरावर वणवे लागतात, मावळपट्ट्यात राब भाजतात, आणि तो धूर वाऱ्याने कुठवर येईल याचा नेम नसतो. संध्याकाळी शिवनेरीची कड स्वच्छ कापल्यासारखी दिसली तर रात्र चांगली. किल्ला दुधाळ दिसला तर दुर्बीण बाहेर काढायचे कष्ट घेऊ नका.

वेळेत एक मेख आहे. आपल्या अक्षांशावर, म्हणजे उत्तर १९ अंशांच्या आसपास, हे त्रिकूट मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आलं की जवळजवळ साडेत्र्याऐंशी अंश उंचीवर असतं. डोक्यावरच म्हणा ना. कागदावर हे उत्तम, कारण तिथे हवेचा थर सगळ्यात पातळ. पण डॉब्सोनियनची (जमिनीवरच्या फिरत्या पेटीत बसवलेल्या आरशाच्या दुर्बिणीची) नळी सरळ वर केली की ती आडवी फिरवताना हातात राहत नाही, जागच्या जागी गरगरते आणि वस्तू निसटत राहते. म्हणून शिरोबिंदूच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बघा. तेव्हा ती साठ ते सदुसष्ट अंशांवर असते, नळी नीट वागते आणि मानही शाबूत राहते. १५ मार्चला हे त्रिकूट रात्री पावणेबाराच्या सुमारास माथ्यावर येतं, १ एप्रिलला पावणेअकराला, १५ एप्रिलला दहाच्या थोडं आधी. माझ्या दुकानाचं शटर साडेनऊला पडतं, त्यामुळे मार्चची अखेर मला बरोबर बसते.

बसायचं कुठे

गच्चीवर नको. मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि आयपीसमधले तारे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे थरथरतात. माती, गवत किंवा सारवलेलं खळं बरं. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा हवेइतका थंड होऊ द्या.

आमच्या जुन्नर तालुक्यात आणखी एक पथ्य आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. उसाच्या कडेला दुर्बीण लावायची नाही. बिबट्याला उभा माणूस नको असतो, पण वाकून, ओणवं बसून आयपीसला डोळा लावलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. मोकळ्या पडीक रानात, पाठीमागे घराची भिंत ठेवून, दोघांनी जा. एकाने बघायचं, दुसऱ्याने इकडेतिकडे लक्ष ठेवायचं आणि बोलत राहायचं. पुतण्या माझ्याबरोबर येतो. त्याची एकच तक्रार असते, "काकू, तुम्ही बघता तेव्हा मी बिबट्या बघायचा, आणि मी बघतो तेव्हा तुम्ही घड्याळ बघणार." तक्रार रास्त आहे.

रात्री थ्री-फेज लाइटची पाळी असेल तर पंपावर जाणारे लोक बॅटरी मारत येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. नुसतं "तारे बघतोय" म्हटलं तरी लोक बॅटरी खाली धरतात.

सामान

आठ इंची डॉब धरून सांगते: २०० मिलिमीटर आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर. सहा इंचीतही ३३८४ दिसते, फक्त ३३८९ चा भरवसा नाही. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ४८ पट मोठं दिसतं आणि दृश्य साधारण एक अंशाचं, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीचं मिळतं. हा शोधायचा आयपीस. १० किंवा १२ मिलिमीटरचा बघायचा आयपीस.

टॉर्चला लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधा. फोनवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप असेल तर त्याचा लाल रंगाचा पर्याय चालू करा आणि स्क्रीनचा उजेड अगदी तळाला आणा. तरीही माझं मत असं की नकाशा कागदावर छापून न्यावा. फोनवर एक निरोप आला की अर्ध्या तासाची डोळ्यांची कमाई गेली.

आता दुकानातला विषय. रात्री चांगलं दिसावं म्हणून लोक माझ्याकडे जीवनसत्त्व अ च्या गोळ्या मागतात. शरीरात त्याची कमतरता नसेल तर त्या गोळीने दीर्घिका दिसत नाही. एका हौशी गृहस्थांनी डोळ्यांची बाहुली मोठी करणारे थेंब मागितले होते, तेही चिठ्ठीशिवाय. दिले नाहीत. आणि हिशोबही बसत नाही: २०० मिलिमीटरच्या आरशातून ४८ पटीला बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका जेमतेम सव्वाचार मिलिमीटर जाडीची असते. बाहुली त्याहून मोठी करून जास्त प्रकाश आत जाणार कुठून? वर थेंबांनी जवळचं वाचता येत नाही, नकाशाही नाही. अंधारात तीस मिनिटं बसा, हेच औषध.

दोन वाटा

पहिली वाट ताऱ्यांवरून उड्या मारत जायची. सिंहाचा विळा ओळखा, त्याच्या मुठीशी मघा. मागच्या बाजूला पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आणि शेपटीला उत्तरा फाल्गुनी. मघेच्या पूर्वेला थोडा दक्षिणेकडे सरकलेला ३.८ प्रतीचा ऱ्हो सिंह आहे. तिथून अजून चार अंश पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, ५३ सिंह, प्रत ५.३. आता ५३ पासून साडेतीन-पावणेचार अंश उत्तरेला ५२ सिंह, प्रत साडेपाच. या दोन ताऱ्यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये, केसभर ५२ कडे सरकून, एम १०५ बसली आहे. फाइंडरचं (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं) क्रॉस तिथे आणा आणि आयपीसमध्ये बघा.

या वाटेचा एक फायदा असा की आकाशाची परीक्षाही होऊन जाते. ५२ आणि ५३ नुसत्या डोळ्यांनी दिसले तर तिन्ही दीर्घिका मिळतील. फाइंडरशिवाय दिसत नसतील तर पहिल्या दोघींवर समाधान माना. दोन गावांच्या मधल्या पठारावर हे तारे दिसतात. चौकात पांढरा एलईडी लागला की त्या बाजूचं आकाश विसरायचं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात दुर्बीण हलवायचीच नाही. मघा आणि एम ९६ आकाशात जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहेत. उत्तर-दक्षिण फरक फक्त दहा कलांचा (साठ कला म्हणजे एक अंश), म्हणजे चंद्राच्या रुंदीचा तिसरा हिस्सा. पृथ्वी फिरते तसं जे मघेच्या जागी येणार ते ठरलेलं. तर मघा २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये बरोबर मधोमध आणा, घड्याळात वेळ टिपा आणि हात काढून घ्या. साधारण पस्तीस मिनिटांनी दृश्याच्या दक्षिण अर्ध्यातून एम ९५ जाईल. अडतीस मिनिटांनी एम ९६ मध्याजवळून जाईल. ती दिसली की नळी उत्तरेकडे साधारण अंशाचा तिसरा हिस्सा सरकवा, म्हणजे एम ९६ दृश्याच्या दक्षिण काठाला लागेल आणि समोरून एम १०५ व ३३८४ आत येतील.

मधल्या वेळेत चहा प्यायचा तर थर्मासमधला. स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावलात की पुन्हा पहिल्यापासून. आणि डॉबचा ताण आधी थोडा घट्ट करा, नाहीतर जड आयपीसने नळी हळूच खाली बसते आणि अडतिसाव्या मिनिटाला तुम्ही भलतंच आकाश बघत बसाल. आभाळ सरकू देऊन बघायची ही चाल जुनी आहे. हर्शेल दुर्बीण मध्यमंडलावर ठेवून थोडी वरखाली करायचा, आकाश पुढून सरकत जायचं, आणि तो बोलेल ते त्याची बहीण कॅरोलाइन लिहून घ्यायची. लिहिणारं माणूस वेगळं असावं हे त्या दोघांकडून शिकण्यासारखं. उजेड त्याने बघायचा, तुम्ही नाही.

आयपीसमधल्या दिशा

डॉबसारख्या न्यूटनी (आरशाच्या) दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे वर-खाली, डावं-उजवं या भाषेत कुणी सांगितलं तर ऐकू नका. दिशा स्वतः काढा. नळी सोडून द्या: तारे ज्या काठाने बाहेर जातात तो पश्चिम. मग नळी ध्रुवाच्या बाजूला जराशी ढकला: नवे तारे ज्या काठाने आत येतात तो उत्तर.

आता त्रिकूट जुळवा. एम १०५ च्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, सात कलांवर ३३८४. तिच्यापासून सहा-साडेसहा कलांवर, दक्षिणेकडे आणि थोडी पूर्वेला, ३३८९. लहानसा त्रिकोण होतो आणि तो अख्खा मोठ्या वर्धनातही दृश्यात मावतो.

बघायचं कसं

आधी ४८ पटीला जागा पक्की करा, मग १०० ते १२० पटीला जा. पार्श्वभूमी काळवंडते आणि धूसर वस्तू जास्त उठून दिसते. डोक्यावरून ओढणी किंवा टॉवेल घ्या, कडेचा उजेड बंद होतो.

नजर तिरकी ठेवायची हे सगळे सांगतात. कुठल्या बाजूला, ते कमी जण सांगतात. प्रत्येक डोळ्याचा अंधबिंदू कानाच्या बाजूला असतो. वस्तू तिथे पडली तर ती नाहीशीच होते. म्हणून उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील. डाव्या डोळ्याने बघत असाल तर डावीकडे. मग नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. डोळ्याच्या कडेला स्थिर धूसरपणा कळत नाही, हललेला कळतो.

एम १०५ सगळ्यात आधी दिसेल: गोल, मध्याकडे उजळत जाणारी. ३३८४ कडे वळलात की पहिल्यांदा तिचा गाभा नजरेत भरतो. तो जवळजवळ ताऱ्यासारखा टोकदार असतो, एम १०५ च्या गाभ्याला टक्कर देणारा. मग दोन-तीन मिनिटांनी लांबटपणा उमटतो, ईशान्य-नैऋत्य, म्हणजे साधारण एम १०५ च्याच रोखाने. तिची कड शोधू नका, ती नाही. प्रकाश कुठे थांबतो ते दर वेळी वेगळ्या जागी वाटतं, आणि तसंच वाटायला हवं. एखाद्या बाजूला गाठ किंवा डाग दिसल्यासारखं वाटलं तर डोळे मिटून पुन्हा बघा. या दीर्घिकेत दिसण्यासारखी गाठ नाही.

३३८९ ही फळ्यावर हाताने पुसलेल्या खडूसारखी: गाभा नाही, उजेड सपाट, आणि लांबी भलत्याच दिशेला. हीच ती सर्पिल. गंमत म्हणजे ती या गटाची नाहीच. तिचं अंतर साधारण सात कोटी प्रकाशवर्षं धरतात, ३३८४ च्या दुप्पट. आपण ज्या काळ्या दगडावर तिपाई मांडतो तो लाव्हा ज्या सुमारास वाहत होता, अंदाजे त्याच काळात तिचा प्रकाश निघाला. ३३८४ चा निघाला तेव्हा सह्याद्रीचा दगड थंड होऊन तीन कोटी वर्षं झाली होती.

पेन्सिल घ्या, कागदावर वाटीएवढं वर्तुळ काढा आणि तिघींच्या जागा, लांबी, उजेडाचा क्रम मांडा. चित्र चांगलं यायची गरज नाही. काढायला बसलं की डोळा आपोआप जास्त बघतो, एवढ्यासाठीच ते.

ही भिंगाकारच कशावरून?

खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्याने ते सिद्ध होत नाही. त्याचा पुरावा शेजारीच आहे: त्रिकूटापासून दीड अंश उत्तरेला, ५२ सिंह ताऱ्याच्या आग्नेयेला एनजीसी ३३७७ आहे. तीही लांबट, तिचाही गाभा टोकदार, प्रत दहाच्या जवळ. आणि ती लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. दोन्ही एकामागून एक बघा आणि फरक सांगा पाहू. ३३८४ मध्ये मधल्या फुगवट्याभोवती ताऱ्यांची चपटी तबकडी आणि एक आखूड दांडा आहे; तो फरक छायाचित्रातल्या उजेडाच्या मोजमापातून आणि वर्णपटातून निघतो. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानेही १९३६ साली लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्या मधली ही जात आधी तर्कानेच मांडली होती.

तबकडी आहे पण भुजा नाहीत, कारण नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू तिच्यात जवळपास उरलेला नाही. मात्र तिच्या बाहेर आहे. १९८३ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने एम १०५ आणि ३३८४ या दोघींना वेढणारं हायड्रोजन वायूचं प्रचंड कडं शोधलं, सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षं व्यासाचं. ३३८४ आणि एम ९६ यांची फार पूर्वी टक्कर झाली आणि त्यात हा वायू बाहेर फेकला गेला, असं एक स्पष्टीकरण २०१० मध्ये मांडलं गेलं. वाद अजून मिटलेला नाही. हा वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर बोलतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या लांबून दाखवते, ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० आहेत, आणि सांगते की याच जातीच्या लहरी या ऐकतात. आठ इंची डॉबमधून त्या कड्याचा लवलेशही दिसणार नाही. तरी दृश्याच्या काठाबाहेर, रिकाम्या वाटणाऱ्या आकाशात, ते आहे हे माहीत असावं.

पुढची पायरी

३३८४ सवयीची झाली की तिच्यापासून एक अंश ईशान्येला जा. तिथे एनजीसी ३४१२ आहे, प्रत साडेदहा, हीसुद्धा भिंगाकार आणि याच गटातली, पण शेजारी कुणी नाही. आता तुलना डोक्यात ठेवून बघायची. ती सापडली तर अजून अडीच अंश पूर्वेकडे, किंचित उत्तरेला, एनजीसी ३४८९.

आणि मध्येच धूर आला, ३३८९ गेली, मग ३३८४ चाही नुसता गाभा उरला, तर ताणू नका. नळी विळ्याच्या पात्यावरच्या गॅमा सिंहाकडे वळवा. १२० पटीला त्याचे दोन पिवळसर-नारिंगी तारे वेगळे दिसतात आणि त्यांना धुराचं फारसं काही वाटत नाही. ते बघा, आरशावर झाकण लावा, आयपीस डब्यात मोजून ठेवा. रात्री गवतात पडलेला आयपीस सकाळी गुरांच्या पायाखाली सापडतो.